लोखंड गंजतं हे माहीत होतं, मग संशोधन कशाचं?

५ जुलै १९८६ रोजी पणजीतला मांडवी नदीवरचा पूल कोसळला. पूल बांधून वीस वर्षंही झाली नव्हती. बेती आणि पणजीच्या धक्क्यांवर फेरीबोटीसाठी लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या बोलण्यात तो पावसाळा अजून येतो. काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या, अशी नोंद पुढे पुलांच्या अभ्यासात झाली.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं हे सांगायला संशोधक कशाला हवा, असं कोणीही विचारेल. मिरामारला किंवा कोलव्याला राहणारा माणूस खिडकीच्या गजांना वरचेवर रंग देतो, गेटच्या बिजागऱ्या बदलतो. त्याला हे शिकवावं लागत नाही. तेव्हाच्या अभियंत्यांनाही ते माहीत होतंच. ठाऊक नव्हता तो हिशेब. अमुक जाडीच्या, अमुक प्रतीच्या काँक्रीटमधून मीठ सळईपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात? पोचल्यावर किती साठलं म्हणजे गंज सुरू होतो? सुरू झालेला गंज बाहेर दिसायच्या आत पूल किती कमजोर झालेला असतो? तंत्रविद्यापीठातलं बरंचसं संशोधन अशा ‘किती’ आणि ‘कधी’च्या मागे लागलेलं असतं. बातमीत मात्र ते क्वचित येतं, कारण तिथे नवं यंत्र नसतं, फीत कापायची नसते.

फर्मागुडीच्या टेकडीवर १९६७ साली स्थापन झालेलं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याच आवारात २०१६ साली आयआयटी गोवा सुरू झाली. एनआयटी २०१० ची, आता कुंकळ्ळीला स्वतःच्या जागेत आहे. झुआरीनगरला बिट्सचं आवार २००४ पासून, ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ १९८५ चं, आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर १९६६ ची. एवढ्याशा राज्यात एवढ्या संस्था आहेत, पण आत नेमकं काय चालतं हे शेजारच्या घरालाही सांगता येत नाही. ‘मुलगी पीएचडी करते, काँक्रीटवर काहीतरी आहे’ इथे बोलणं थांबतं. म्हणून हा एकच विषय धरून ते ‘काहीतरी’ उलगडून सांगतो.

आधी सळई काँक्रीटमध्ये का घालतात ते पाहू. काँक्रीट दाबाला भक्कम असतं, पण ताणाला अगदी कच्चं; त्याची ताण सोसायची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी असते. तो ताण सळई घेते. त्या बदल्यात काँक्रीट सळईला सांभाळतं. सिमेंट आणि पाणी एकत्र आल्यावर आत जे बारीक छिद्रांतलं पाणी उरतं, ते फार अल्कधर्मी असतं, पीएच साडेबारा ते तेरा. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ थर बसतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. पण हा थर शाबूत आहे तोवर सळई गंजत नाही, मग बाहेर कितीही पाऊस पडो. शंभर वर्षं उभ्या राहणाऱ्या इमारतीचं आयुष्य या न दिसणाऱ्या थरावर टेकलेलं असतं.

हा थर दोन वाटांनी जातो. पहिली वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो काँक्रीटमध्ये शिरून तिथल्या चुन्याशी संयोग पावतो, चुनखडी तयार होते आणि पीएच नऊच्या खाली उतरतो. मग थर टिकत नाही. ही क्रिया सावकाश चालते आणि गर्दीच्या शहरांतही होते. दुसरी वाट आपली, किनाऱ्याची: क्लोराइड. मिठातला हा घटक पीएच न उतरवताही थराला ठिकठिकाणी भोकं पाडतो. गंज मग सगळ्या सळईवर एकसारखा पसरत नाही, एका जागी खोल खड्डा पडत जातो. ताणलेल्या तारांच्या बाबतीत ही गोष्ट फार वाईट, कारण तार बारीक असते आणि कायम मोठ्या ताणाखाली असते. छोटा खड्डाही तिला पुरतो, आणि वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

मीठ आत शिरतं कसं? काँक्रीट बाहेरून दगडासारखं दिसलं तरी आत केसाहून बारीक छिद्रांचं जाळं असतं आणि त्यात ओल असते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की ते जसं आत मुरत जातं, तसंच क्लोराइड या ओलीतून आत मुरतं. बाहेर जास्त, आत कमी, म्हणून ते आतल्या बाजूला सरकतं. आणि जसजसं खोल जाईल तसतसा हा फरक कमी होतो, वेग मंदावतो. याचं गणित ॲडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली मांडलं. त्याचा एक साधा निष्कर्ष प्रत्येक घर बांधणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे: मीठ पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात, ते दुप्पट केलं तर वेळ चौपट होतो.

उलट बाजूने हाच हिशेब जास्त बोचतो. नकाशात कव्हर २५ मिलिमीटर दाखवलंय आणि प्रत्यक्षात सळई खाली बसून ते २० मिलिमीटरच उरलं. पाच मिलिमीटर कमी पडले, त्यात काय मोठंसं, असं वाटतं. पण २० चा वर्ग ४०० आणि २५ चा ६२५. बाकी सगळं सारखं धरलं तर मीठ पोचायचा काळ एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला. हे नुकसान स्लॅब ओतला त्या दिवशीच झालेलं असतं, दिसतं पुढच्या पिढीला.

गंज सुरू झाला की पुढचं काम तो स्वतःच करतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीटला बाहेर ढकलतो, आणि ताणाला कच्चं असलेलं काँक्रीट सळईच्या रेषेत तडकतं. बाल्कनीच्या खालच्या बाजूला दिसणारी तपकिरी रेघ, मग फुगलेलं प्लास्टर, मग पडलेला पापुद्रा आणि उघडी सळई, हा क्रम गोव्याच्या जुन्या वसाहतींत जागोजागी दिसतो. तड गेली की मीठ, पाणी आणि हवा यांना सरळ रस्ता मिळतो.

आता प्रश्न असा की फिकचं समीकरण १८५५ पासून आहे, कागदावर उत्तर निघतं, मग संशोधन कुठे उरलं? ते उरलं समीकरणात घालायच्या आकड्यांमध्ये, आणि ते आकडे जागेप्रमाणे बदलतात. गोव्याचंच घ्या. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या वरच्या थरातलं पाणी जवळजवळ गोडं होतं. उन्हाळ्यात खारं पाणी कित्येक किलोमीटर आतपर्यंत चढतं. म्हणजे पुलाच्या एकाच खांबाला वर्षातले काही महिने गोडं पाणी लागतं आणि काही महिने समुद्राचं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तो रोज भिजतो आणि सुकतो, आणि हाच पट्टा सर्वांत धोक्याचा. सतत पाण्याखाली असलेल्या भागात मीठ भरपूर शिरतं, पण गंजायला लागणारा ऑक्सिजन तिथे फारसा पोचत नाही. वरच्या पट्ट्यात दोन्ही मिळतात: ओल सुकताना मीठ मागे ठेवते, पुढच्या भरतीला त्यात भर पडते.

पावसाचा आणखी एक पैलू मला फार महत्त्वाचा वाटतो. पाऊस काँक्रीटच्या उघड्या पृष्ठभागावरचं मीठ धुऊन नेतो. पण पुलाच्या किंवा बाल्कनीच्या खालच्या बाजूला पावसाचं पाणी लागतच नाही. तिथे वाऱ्याने आणलेलं मीठ वर्षानुवर्षं साठत राहतं. एकाच स्लॅबच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मिठाचं गणित वेगळं. उत्तर युरोपातल्या थंड देशांत मोजलेले आकडे इथे तसेच घातले तर उत्तर चुकणार, कारण तिथे अशा चार महिन्यांच्या सरी नाहीत, आणि इथल्यासारखा उकाडाही नाही. तापमान वाढलं की मीठ मुरण्याचा वेगही वाढतो. इथले आकडे इथेच मोजावे लागतात, दुसरा इलाज नाही.

हवेतलं मीठ मोजायची एक साधी पद्धत आहे. एका बाटलीत पाणी आणि थोडं ग्लिसरीन घेऊन त्यात सुती वात उभी करतात. वात ओली राहते, वाऱ्यातले खारे कण तिला चिकटतात. ठरावीक दिवसांनी वात धुऊन त्या पाण्यातलं क्लोराइड मोजलं की रोज दर चौरस मीटरला किती मीठ उतरतं ते कळतं. किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरांत हा आकडा झपाट्याने घसरतो. पण झाडी, टेकडी, उंच इमारत यांनी तो कसा बदलतो हे गावागणिक वेगळं. मोरजी, मिरामार, वास्को, आणि आत फोंडा, केपे अशा जागी वाती ठेवून वर्षभर मोजणं हे एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तम काम होऊ शकतं. त्याला महागडं यंत्र लागत नाही. दर महिन्याला न चुकता जाणं मात्र लागतं.

प्रयोगशाळेत शिरल्यावर पहिली शिस्त दिसते ती तुलनेची. समजा, सिमेंटचा काही हिस्सा काढून पोलाद कारखान्यातली स्लॅग, म्हणजे भट्टीतल्या मळीची बारीक पूड, घातली तर मीठ कमी शिरतं का हे पाहायचंय. मग दोन मिश्रणं करायची, एक साधं आणि एक स्लॅगचं. खडी तीच, वाळू तीच, पाण्याचं प्रमाण तेच, ओतणारा माणूस तोच, क्युरिंगच्या, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायच्या, टाकीतलं पाणीही तेच. बदल एकच. नाहीतर फरक दिसला तरी तो कशामुळे पडला हे सांगता येत नाही. आणि नमुना एक कधीच नसतो. ताकद मोजायला १५० मिलिमीटरचे ठोकळे किमान तीन फोडतात आणि सरासरी घेतात. एखादा सरासरीपासून पंधरा टक्क्यांहून दूर गेला तर तो निकाल धरत नाहीत. काँक्रीट ही मुळात एकसारखी वस्तू नाही, त्यामुळे एका ठोकळ्यावर विश्वास ठेवणारा संशोधक स्वतःला फसवतो.

मीठ किती शिरतं हे मोजायचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. काँक्रीटचा दंडगोल घेतात, त्याच्या बाजूंना इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, फासून एकच तोंड उघडं ठेवतात, म्हणजे मिठाला एकाच दिशेने जाता यावं. मग तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या चाचणीत लिटरला १६५ ग्रॅम मीठ घेतात, आणि दंडगोल कमीत कमी ३५ दिवस त्यात राहतो. चांगल्या काँक्रीटला याहून बरेच जास्त. बाहेर काढल्यावर खरी मेहनत सुरू होते. उघड्या तोंडाकडून दंडगोल एकेक मिलिमीटरने घासत आत जायचं आणि प्रत्येक थराची राखाडी पूड वेगळ्या पिशवीत भरायची. पहिला मिलिमीटर, दुसरा मिलिमीटर, तिसरा. एका थराची पूड दुसऱ्यात सांडली की तो नमुना गेला. मग प्रत्येक पूड नायट्रिक आम्लात विरघळवून, गाळून, त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडतात. क्लोराइड असेल तोवर चांदीशी त्याचा पांढरा साका बनत राहतो. ते संपलं की द्रवात बुडवलेल्या इलेक्ट्रोडचा आकडा एकदम उडी मारतो. किती थेंब लागले त्यावरून त्या थरातलं मीठ. असे सगळे बिंदू आलेखावर मांडले की बाहेरून आत उतरत जाणारी एक वक्र रेषा मिळते, आणि तिच्यावरून समीकरणातला मीठ मुरण्याच्या वेगाचा आकडा काढता येतो. चांगल्या काँक्रीटमध्ये तो सेकंदाला एका चौरस मीटरच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास असतो. आठवड्यांचं घासकाम आणि मोजमाप, आणि हाती येतो असा एक आकडा. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे.

एवढं थांबायला सगळ्यांना वेळ नसतो, म्हणून एक जलद चाचणी आहे. ५० मिलिमीटर जाडीच्या चकतीच्या एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, आणि दोन्हींमध्ये ६० व्होल्टचा दाब सहा तास. किती विद्युतभार पार गेला ते कुलोंबमध्ये मोजायचं. चार हजारांच्या वर गेला तर काँक्रीट मिठाला सताड उघडं, एक ते दोन हजारांत आला तर बरं, हजाराच्या खाली उत्तम. कंत्राटांमध्येही ही चाचणी मागतात. पण ती मीठ मोजत नाही, वीज मोजते. छिद्रांतल्या पाण्यात दुसरे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, असतात आणि तेही वीज वाहून नेतात. फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) किंवा सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिबारीक पूड) घातलं की त्या पाण्याची वाहकताच उतरते, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त देखणा येऊ शकतो. उलट, गंज रोखण्यासाठी कॅल्शियम नायट्राइट घातलं असेल तर वाहकता वाढून चांगलं काँक्रीटही वाईट दिसतं. कोणती चाचणी काय मोजते आणि काय मोजत नाही हे ज्याला सांगता येतं, तो संशोधनाला तयार झाला असं मी समजतो. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आधी विचारला जायला हवा.

सगळ्यांत मोठी अडचण वेळेची. एम.टेक.ला दोन वर्षं मिळतात, पीएचडीला चार-पाच. पूल शंभर वर्षांसाठी आखतात. दोन वर्षांच्या मोजमापावरून शंभर वर्षांचं भाकीत करायचं म्हणजे आलेखाची रेषा पन्नासपट लांब ओढायची. सुरुवातीची बारीकशी चूक शेवटाला दशकं खाऊन टाकते. त्यात काँक्रीट वयाबरोबर बदलतं. स्लॅग किंवा फ्लाय ॲश घातलेलं तर वर्षानुवर्षं जास्त घट्ट होत जातं, म्हणजे मुरण्याचा वेग स्वतःच कमी होत राहतो. सळईजवळ मीठ किती साठलं म्हणजे गंज सुरू होतो या आकड्यावरही जगभरच्या अभ्यासांत मोठी तफावत आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा आकडा सर्रास वापरतात, पण सळईचा पृष्ठभाग, तिच्याभोवती राहिलेली पोकळी, सिमेंटचा प्रकार यांनी तो बराच हलतो.

यावर उपाय एकच: ठोकळे समुद्रात ठेवायचे आणि वाट पाहायची. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी मेन राज्यातल्या ट्रीट बेटावर १९३६ पासून असे नमुने भरती-ओहोटीत ठेवले आहेत. आपल्याकडे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेचं मंडपमला समुद्रकाठी क्षरण-संशोधनाचं केंद्र आहे. भारताचा गंजाचा नकाशाही याच संस्थेने तयार केला. मेक्सिकोत युकातानच्या किनाऱ्यावर प्रोग्रेसो येथे १९४० च्या आसपास स्टेनलेस स्टीलच्या सळया घालून बांधलेला धक्का अजून वापरात आहे, आणि त्याच्या शेजारचा, साध्या सळयांचा, नंतर बांधलेला धक्का कधीच मोडून पडला. कुठल्याही जलद चाचणीला न देता येणारी साक्ष तो धक्का देतो.

गोव्यात असं कायमचं केंद्र असावं, असं मला तीव्रतेने वाटतं. जुवारीच्या मुखाशी एक जागा, थोडं आत जिथे पावसाळ्यात पाणी गोडं होतं तिथे दुसरी, आणि किनाऱ्यावर हवेतली तिसरी. प्रत्येक तुकडीने आपले ठोकळे ठेवायचे, नोंदवहीत मिश्रण लिहायचं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीचे ठोकळे फोडून मोजायचे. ज्याने ठेवले त्याला पदवी केव्हाच मिळालेली असेल. त्याचे निकाल दुसराच कोणी वाचेल. आपल्या व्यवस्थेत मोजला जातो तो दरवर्षी छापलेल्या निबंधांचा आकडा, त्यामुळे अशा कामाला हात घालायला प्राध्यापक धजत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये कुठ्ठाळी आणि आगशीला जोडणाऱ्या नव्या जुवारी पुलाची पहिली बाजू खुली झाली. त्याआधी २०१९ च्या जानेवारीत मांडवीवर अटल सेतू झाला. या पुलांसाठी ओतलेल्या मिश्रणांचे ठोकळे शेजारीच पाण्यात ठेवले, तर पुलाला हात न लावता त्याच्या प्रकृतीचा अंदाज घेता येतो.

घाईचं काय होतं याचं उदाहरण फ्लोरिडाचं आहे. सळईला इपॉक्सीचा लेप दिला की मीठ तिला शिवणारच नाही, ही कल्पना सत्तरच्या दशकात तिथे उचलली गेली. प्रयोगशाळेतले निकाल चांगले होते. फ्लोरिडा कीज बेटांना जोडणारे पूल अशा सळया घालून बांधले, आणि १९८६ साली, म्हणजे आपला मांडवीचा पूल पडला त्याच वर्षी, बांधून जेमतेम सहा-सात वर्षं झालेल्या लाँग की पुलाच्या खांबांत गंज दिसला. सळया वाकवताना, वाहून नेताना, उन्हात पडून राहताना लेपाला चरे जातात, तो सुटतो, आणि त्याखाली ओल अडकते. प्रयोगशाळेतली सळई हातमोजे घालून उचललेली असते, साइटवरची ट्रकमधून खाली टाकलेली. हा फरक अभ्यासात धरला गेला नव्हता. त्यामुळेच फसलेले निकाल छापले गेले पाहिजेत. अमुक केलं आणि उपयोग झाला नाही, असं सांगणारा निबंध पुढच्या माणसाची वर्षं वाचवतो.

नव्या कल्पनांचंही काम चालतंच. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य घालून ठेवलं. तड गेली, पाणी शिरलं की जिवाणू जागे होतात आणि चुनखडी तयार करून तड बुजवतात. बारीक तडांना ते लागू पडतं. त्या प्रचंड अल्कधर्मी वातावरणात तगणारा जिवाणू आधी हुडकावा लागतो, आणि तो मिळतो अल्कधर्मी तळ्यांसारख्या जागी. इथे गोव्याची आठवण होते. आपल्या मिठागरांत आणि खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत, अतिखाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव आहेत आणि गोवा विद्यापीठात त्यांचा अभ्यास होत आला आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग ताळगावला आणि काँक्रीटची प्रयोगशाळा फर्मागुडीला, मध्ये फक्त बसचा प्रवास. खाणींतून उरलेल्या मातीचंही तसंच. सत्तरी, डिचोली, सांगे भागात लोहखनिज धुऊन उरलेल्या बारीक टाकाऊ पदार्थाचे ढीग आहेत आणि नदीच्या वाळूची टंचाई आहे. तो पदार्थ वाळूऐवजी किती प्रमाणात चालेल यावर देशात काम झालं आहे. ताकद मिळते का एवढंच तपासून चालणार नाही. पाच-दहा वर्षांनी सळईजवळ मीठ किती, हेही पाहावं लागेल.

प्रयोगशाळेतला आकडा तुमच्या घरापर्यंत येतो तो भारतीय मानकांतून. काँक्रीटचं मुख्य मानक आयएस ४५६. त्याची १९७८ ची आवृत्ती तब्बल २२ वर्षं चालली. तिच्यात साध्या स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर आणि एम-१५ प्रतीचं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन दाब सोसणारं, काँक्रीट चालत होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या इमारतींच्या बाल्कन्या आज का ढासळतात, याचं एक मोठं उत्तर त्यात आहे. २००० च्या आवृत्तीत टिकाऊपणाला स्वतंत्र वजन आलं. तिच्यात किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्ग धरून किमान एम-३०, ४५ मिलिमीटर कव्हर आणि सिमेंटच्या ०.४५ पटीहून जास्त पाणी नाही, असं सांगितलं आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कव्हर ७५ मिलिमीटर. फिकचा वर्गाचा नियम आठवा, म्हणजे १५ पासून ४५ पर्यंत जाण्याचा अर्थ कळेल: तिप्पट कव्हर, नऊपट वेळ.

पण मानक छापलं म्हणजे गवंड्याच्या हातात पोचलं असं होत नाही. सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवायचा, तिथे खडीचा तुकडा सरकवला जातो. ओतताना काँक्रीट घट्ट वाटलं की नळ सोडला जातो, आणि ते जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे छिद्रं ठेवतं. क्युरिंगला सात दिवस पाणी मारायचं, तिसऱ्या दिवशी टँकर येत नाही. घर बांधत असाल तर स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी पट्टी घेऊन सळईखालचं अंतर स्वतः मोजा. सिमेंट कोणत्या कंपनीचं यावर वाद घालण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

जुन्या घराची तपासणीही होते. छोटं भोक पाडून आतल्या ताज्या उघड्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन फवारलं की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो. रंग आला नाही तेवढ्या खोलीपर्यंत कार्बन डायऑक्साइड पोचलेला असतो. सळईला तार जोडून, काँक्रीटच्या पृष्ठभागावर तांबं आणि मोरचूद यांचा इलेक्ट्रोड टेकवत विद्युतदाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टहून जास्त उणे आला तर आत गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के धरतात. भिंतीवर चौकटी आखून असे आकडे घेतले की न फोडता गंजाचा नकाशा तयार होतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा असं चाचणीचं काम फी घेऊन करतात.

आणि दुरुस्तीबद्दल एक गोष्ट, कारण इथे लोकांचा पैसा सर्वांत जास्त वाया जातो. पडलेला पापुद्रा काढून, सळई घासून, नवं मॉर्टर भरलं, आणि दोन-तीन वर्षांत त्या ठिगळाच्या अगदी शेजारी नवी तड आली, हा अनुभव अनेकांचा आहे. कंत्राटदाराने माल खराब वापरला असं वाटतं. तसं असेलच असं नाही. जिथे गंज चालू होता तो भाग आजूबाजूच्या सळईला नकळत वाचवत होता, कारण विद्युतरासायनिक क्रियेत एक जागा झिजते तेव्हा शेजारची झिजत नाही. तुम्ही झिजणारी जागा बरी केलीत, शेजारी मात्र मिठाने भरलेलं जुनं काँक्रीट तसंच राहिलं. आता झिजायची पाळी त्याची आली. म्हणून ठिगळ भरताना त्याच्या कडेला सळईला जस्ताचा छोटा अॅनोड बांधतात. मग सळईऐवजी जस्त झिजतं. तो किती वर्षं पुरतो हे सळईचं प्रमाण, काँक्रीटमधलं मीठ आणि ओल यांवर ठरतं. दुरुस्तीचं दरपत्रक घेताना हा अॅनोड त्यात धरला आहे का, आणि मीठ भरलेलं काँक्रीट सळईच्या मागच्या बाजूपर्यंत काढणार का, हे दोन्ही लेखी मागून घ्या.